शाळेचं कुलूप आणि घरची शिदोरी

खोपोलीच्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. "नाव छापू नका," असं तिनं दोनदा अधोरेखित करून लिहिलंय, म्हणून नाव देत नाही. पण तिची अडचण तिच्या एकटीची नाही. तुमच्यातल्या कितीतरी जणी शिक्षिका आहेत, आणि ज्या नाहीत त्यांची मुलं तर शाळेत जातातच. म्हणून आजचं पान तिच्या पत्रासाठी.

या बाई आठवीच्या वर्गाला धाराविद्युतचा धडा शिकवत होत्या. एका मुलीनं उठून विचारलं, "बाई, दिवा लागतो तेव्हा तारेतून नक्की काय जातं?" बाईंनी फळ्यावर बाण काढून सांगितलं, पण मुलीच्या चेहऱ्यावरूनच कळलं की गाडी काही पुढे सरकली नाही. घरी रात्री भांडी आवरल्यावर बाईंनी मोबाइलवर शोधाशोध केली आणि त्यांना एक सुरेख चित्रफीत सापडली. पण ती दाखवायची कशी? शाळेत संगणकाची खोली आहे, पडदाही आहे. मात्र तिथल्या नेटवर चित्रफितींची सगळी संकेतस्थळं बंद करून ठेवलेली. शिक्षकांनी वर्गावर जाताना मोबाइल ऑफिसात ठेवायचा, असाही नियम. बाईंनी मग मोबाइल जमा न करता पर्समध्येच ठेवला, हॉटस्पॉट सुरू केला आणि शाळेचा संगणक त्यावर जोडला.

दोन दिवस छान गेले. मुलं खूश, बाई खूश. तिसऱ्या दिवशी चित्रफीत मध्येच थांबली आणि पडद्यावर नको ती जाहिरात झळकली. सगळा वर्ग खिदळला. संध्याकाळी एका पालकांची तक्रार, दुसऱ्या दिवशी बाईंच्या हातात मेमो. घरी यजमान म्हणाले, "पगार तेवढाच मिळतो ना? मग हे नसते उपद्व्याप सांगितलेत कुणी?"

बाई विचारतात, "ताई, माझं चुकलं का? आणि मी आता गुपचूप खडू-फळ्यावरच यायचं का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, थोडं चुकलं. दुसऱ्याचं उत्तर : मुळीच नाही.

रागावू नका हं, बाई. मीही यातून गेले आहे. कर्जतला शिकवत असताना एकदा मी माझाच मोबाइल पडद्याला जोडला होता. पानाच्या छेदाचं चित्र मोठ्ठं करून दाखवत होते, तेवढ्यात वरून धाकट्या जावेचा निरोप सरकत आला : "वहिनी, सासूबाईंचं पोट कालपासून साफ नाही, चूर्ण कुठं ठेवलंय?" वर्गानं तो एका सुरात वाचला! तेव्हापासून एक नियम केला. स्वतःचा मोबाइल वर्गाच्या पडद्याला जोडायचा नाही, आणि जोडावाच लागला तर आधी विमानाचं चिन्ह दाबून त्याचं तोंड बंद करायचं.

आता मुद्द्याचं. शाळा ही कुलपं लावते कशासाठी, ते आधी समजून घेऊ. आपण चहा गाळणीतून का ओततो? चोथा कपात येऊ नये म्हणून. शाळेच्या नेटवर बसवलेली बंदी ही तशीच गाळणी आहे. ती जराशी जाड आहे, चोथ्याबरोबर चांगलंही अडवते, हे खरं. पण हॉटस्पॉट लावला की आपण गाळणीच बाजूला ठेवली. मग त्या तासाला पडद्यावर जे येईल, त्याची जबाबदारी शाळेची राहत नाही, सगळी आपल्या गळ्यात येते. कुणी हुशार मुलगा "बाई, व्हीपीएन टाकून देतो, सगळं उघडतं," म्हणाला तरी हो म्हणू नका. शाळेच्या यंत्रावर परवानगीशिवाय असलं काही बसवणं म्हणजे किल्लीवाल्याला बोलावून दुसऱ्याच्या घराची किल्ली बनवून घेणं. आणि मुलं काय शिकतात, तर नियम अडचणीचा वाटला की बाईसुद्धा मागच्या दारानं जातात. हा धडा विजेच्या धड्यापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतो, बरं का.

असले नियम फक्त आपल्याच मुख्याध्यापकांच्या डोक्यातून निघालेत, असंही समजू नका. फ्रान्सनं २०१८ साली कायदा करून लहान वर्गांपासून साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत मोबाइल वापरायला बंदी केली. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात जगातल्या जवळजवळ चारातल्या एका देशात शाळेत स्मार्टफोनला बंदी असल्याचं म्हटलं होतं. तेव्हा कुलूप राहणार आहे, हे धरूनच चालू.

तुम्ही म्हणाल, मग नेटशिवाय कसलं आलंय नव्या पद्धतीचं शिकवणं? इथं मला आपल्याच कर्जत तालुक्यातली एक गोष्ट आठवते.

खैरात-धनगरवाडा ही छोटी वस्ती. तिथल्या प्राथमिक शाळेत पहिली ते चौथीची वीस-बावीस मुलं एकाच खोलीत बसायची आणि शिक्षकही एकच. २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या अमेरिकेत सुरू झालेल्या उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग इथं झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, दिल्लीच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं या उपक्रमाला नकार दिला होता. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, महागडी साधनं नंतर, असं त्यांचं म्हणणं. तरीही या एका शाळेत प्रत्येक मुलाच्या हाती हिरवा-पांढरा, दीड किलोच्या आतला लॅपटॉप आला. कळा रबराच्या, म्हणजे धूळ-पाणी आत जायला नको. पडदा असा की उन्हात अंगणात बसूनही वाचता यावा. आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे ही यंत्रं नेट नसलं तरी आपापसांत बोलायची. एकानं काढलेलं चित्र शेजारच्याच्या पडद्यावर जायचं, दोघांना मिळून एकच मजकूर लिहिता यायचा. दोन कान वर केल्यासारख्या त्यांच्या एरियल होत्या, त्यांचं काम तेच.

तो उपक्रम पुढे देशभर पसरला नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात मात्र हेच लॅपटॉप मोठ्या संख्येनं वाटले गेले. तिथल्या ३१९ शाळांची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. गणित आणि भाषेच्या गुणांत ठळक फरक पडल्याचं तिच्यात आढळलं नाही. म्हणजे काय, तर नुसतं यंत्र हातात दिलं म्हणून शिक्षण होत नाही. यंत्राभोवती शिकवणारं माणूस लागतं. आणि त्या माणसानं तयारी केली असेल, तर वर्गात प्रत्यक्ष नेट नसलं तरी बरंचसं भागतं.

उसळीला मटकी आपण आयत्या वेळी भिजत घालतो का? आदल्या दिवशी घालतो, तेव्हा कुठं मोड येतात. नेटचं तसंच. नेटचं काम रात्री घरी उरकायचं आणि सकाळी शाळेत शिदोरी न्यायची. त्या शिदोरीत काय काय बांधता येतं, ते सांगते.

पहिलं, पाठ्यपुस्तकं. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात. एकदा उतरवली की नेट लागत नाही. आकृती पडद्यावर मोठी करून दाखवायला याहून सोपं काही नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही तिथं ठेवलेत. वाचनाच्या तासाला ते फार उपयोगी पडतात.

दुसरं, 'दीक्षा'. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये सुरू केलेलं हे अ‍ॅप. पाठ्यपुस्तकात धड्याजवळ जो काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो, तो क्यूआर कोड या अ‍ॅपवर दाखवला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. कॅमेरा नीट चालत नसेल तर चौकोनाखालची सहा अक्षरं टाइप करा, तेच साहित्य येतं. घरच्या नेटवर ते उतरवून ठेवलं, तर नंतर नेटशिवाय पाहता येतं. आणि मध्ये जाहिरात येत नाही!

तिसरं, बाईंच्या धड्यासाठी अगदी नेमकं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठानं २००२ साली 'फेट' नावाचा उपक्रम सुरू केला. नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो उभा केला. त्यात पडद्यावर करायचे शेकडो नसले तरी दीडशेच्या आसपास प्रयोग आहेत आणि त्यातले बरेच मराठीतही आहेत. विद्युत परिपथाच्या प्रयोगात घट, तार, दिवा, कळ सगळं माउसनं जोडायचं. जोडणी पुरी झाली की तारेतून निळे ठिपके सरकताना दिसतात आणि दिवा लागतो. एक तार काढली की ठिपके जागच्या जागी थांबतात. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. हा प्रयोग एका फाईलमध्ये उतरवून पेन ड्राइव्हवर नेता येतो, आणि शाळेच्या संगणकावर नेटशिवाय चालतो.

चौथं, गणिताच्या बाईंसाठी 'जिओजेब्रा'. संगणकावर एकदा बसवलं की नेट नको. आणि ज्ञानकोश हवा असेल तर 'किविक्स' नावाची सोय आहे. विकिपीडियाची अख्खी प्रत तिच्यात साठवून नेटशिवाय वाचता येते.

एक सावधगिरी. यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये 'डाउनलोड' केलेली चित्रफीत त्या मोबाइलमध्येच राहते, पेन ड्राइव्हवर नेता येत नाही. ती ओढून काढणारी चोरटी संकेतस्थळं असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांतून विषाणू येतात, शिवाय ज्यानं चित्रफीत बनवली त्याच्या हक्काचाही प्रश्न असतो.

पेन ड्राइव्हसुद्धा स्वच्छ हवा. ज्यावर लग्नाचे फोटो, भाच्याची गाणी आणि बँकेचे कागद आहेत तो नको. शाळेसाठी वेगळा ठेवा, डब्यावर नाव घालतो तसं त्यावर नाव घाला. आणि तासाच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या यंत्रावर एकदा चालवून पाहा. घरी चाललेलं शाळेत चालतंच असं नाही.

आता किल्ली मागण्याबद्दल. आपण बायका पुष्कळदा तोंडी विचारतो, "सर, नेट थोडं खुलं कराल का?" सर म्हणतात, "बघू." आणि ते 'बघू' वर्षभर चालतं. मुख्याध्यापकांची अडचण अशी की "सगळं खुलं करा" याला ते हो म्हणू शकत नाहीत. नेमकं एक दार मागितलं, तर मात्र हो म्हणणं सोपं जातं. म्हणून लेखी अर्ज द्या. नमुना देते, कापून ठेवा :

"मा. मुख्याध्यापक यांस, स. न. वि. वि. इयत्ता आठवीच्या धाराविद्युत या धड्यासाठी पुढे दिलेल्या पत्त्यावरील प्रयोग वर्गात दाखवण्याची परवानगी मिळावी. कालावधी १५ मिनिटे. हा प्रयोग मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः पाहिला आहे. त्यात जाहिरात नाही. मुलांना आपले नाव, फोटो किंवा फोन क्रमांक द्यावा लागत नाही. हे संकेतस्थळ शाळेच्या नेटवर खुले करणे शक्य नसल्यास तीच फाईल पेन ड्राइव्हवर आणण्याची परवानगी मिळावी. फाईल आधी तपासून घ्यावी, ही विनंती. कळावे, आपली विश्वासू."

खाली तारीख घाला आणि पोच घ्या. यातलं नाव-फोटोचं वाक्य गाळू नका. आपल्या देशात २०२३ साली झालेल्या माहिती-संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची संमती हवी, अशी तरतूद आहे. तेव्हा जिथं प्रत्येक मुलाला खातं उघडावं लागतं, ते साधन पालकांना विचारल्याशिवाय वर्गात आणूच नका. 'फेट'ला खातं लागत नाही.

आता आयांकडे वळते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, हे तुम्हाला आठवत असेल. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं त्यांचं काम गाजलं. पण तो चौकोन उघडतो तो घरातल्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल कुणाच्या हातात असतो, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडचंच पाहा. कर्जतहून पहाटेच्या लोकलनं मुंबई गाठणारे वडील मोबाइल घेऊन जातात, ते रात्री आठ-नऊला परततात. खोपोलीला कारखान्यात दुसरी पाळी असेल तर त्याहून उशीर. मग मोबाइल घरी आला की आधी कुणाला? बहुतेक घरांत मुलाला. मुलगी तोवर पोळ्या लाटत असते, आणि तिची पाळी येईतो डोळे मिटायला लागतात. हे आपल्याच घरात, आपल्या डोळ्यांसमोर चालतं आणि आपण "जाऊ दे, उद्या बघ" म्हणतो. मैत्रिणींनो, हेही एक कुलूपच आहे, आणि याची किल्ली कुठल्या मुख्याध्यापकांकडे नाही, तुमच्याकडे आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वार लिहा. सोमवार-बुधवार तिचा, मंगळवार-गुरुवार त्याचा, आणि वेळ अर्धा तास. त्या अर्ध्या तासात पोळ्या भावानं लाटल्या तर बिघडत नाही. वेड्यावाकड्या झाल्या तरी पोटात गोलच होतात!

आणि शिक्षिका भगिनींनो, तुम्हीही एक करा. मोबाइलवाचून होणारच नाही असा गृहपाठ आज देऊन उद्या मागू नका. तीन-चार दिवस द्या, मध्ये एक रविवार येऊ द्या. ज्या वाड्या-वस्त्यांवर रेंजच येत नाही, तिथल्या मुलाला तोच मजकूर कागदावर द्या. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. घरातल्या वस्तू घेऊन घरातल्याच माणसांबरोबर शिकायचं, अशी तिची रीत होती. मोबाइल नसलेल्या घरातली मुलंही तिच्यामुळे शिकत राहिली. ती रीत आजही चालते.

विजेचा धडासुद्धा आधी हातानं करा. दोन बाकांमागे एक सेल, एक छोटा बल्ब आणि वीतभर तार, एवढ्यानं काम होतं. मुलांनी स्वतः दिवा पेटवला, की मगच पडद्यावरचे निळे ठिपके दाखवा. आधी पडदा दाखवलात तर ते त्यांना खेळासारखं वाटेल. आणि बाई, तुमच्या गावाचं भाग्य विसरू नका. खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ साली मुंबईला वीज जाऊ लागली. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी नळांतून घाटाखाली येतं आणि चाकं फिरवतं. ज्या गावानं मुंबईच्या गिरण्या चालवल्या, त्या गावातली मुलगी तारेतून काय जातं ते विचारते आहे. तिला उत्तर मिळायलाच हवं.

राहिला तुमचा मेमो. त्याचं उत्तर उद्याच लिहा, आठवडा लावू नका. रडगाणं नको, "बाकीचेही करतात" हेही नको. तीन वाक्यं पुरेत. मी परवानगीशिवाय माझ्या मोबाइलचं नेट शाळेच्या संगणकाला जोडलं, ही माझी चूक झाली. पुन्हा असं होणार नाही. मात्र ज्या धड्यासाठी ते केलं, त्याच्या सुरक्षित सोयीसाठी सोबत अर्ज जोडत आहे. आणि वर दिलेला अर्ज त्याच पाकिटात घाला. ज्या पालकांनी तक्रार केली, त्यांनाही एकदा शाळेत भेटा. आई येणार असेल तर फारच छान. पडद्यावर काय दाखवणार आहात ते तिला आधी दाखवा. तिची काळजी खोटी नव्हती, आणि तुमची तळमळही खोटी नव्हती.

सर कदाचित नाही म्हणतील. तरी खचू नका. पुढच्या सत्रात दुसऱ्या धड्यासाठी पुन्हा अर्ज द्या, जमल्यास विज्ञान-गणिताच्या दोघी-तिघींच्या सह्या घेऊन. तोवर वर्गात सेल आणि बल्ब आहेतच.

आणि यजमानांना सांगा, पगार तेवढाच मिळतो हे खरं, पण तो प्रश्न विचारणारी मुलगी रोज समोर बसते.

सरांचं उत्तर काय आलं ते मात्र मला नक्की कळवा. आणि बाकीच्या मैत्रिणींनो, तुमच्या घरात मोबाइलचे वार कसे वाटून घेतले, तेही लिहा. पुढच्या आठवड्यात भेटूच.